पेंढाऱ्याचं वावर

पेंढारी दसऱ्याला निघत. पावसाळा सरला आणि नर्मदेला उतार मिळाला की उत्तर तीरावरच्या त्यांच्या छावण्या हलायच्या. तंबू नाही, सामानसुमान नाही, दाणागोटा नाही. लांब भाला, काटक घोडं आणि वाटेत लागेल ते गाव. दिवसाला वीस-वीस कोस तोडायचे. राजाची फौज जीन कसून निघेपर्यंत गाव जळून गेलेलं असायचं आणि स्वार दुसऱ्याच मुलखात पोचलेले. १८११ मध्ये ते थेट नागपूरपर्यंत आले आणि शहराबाहेरची वस्ती पेटवून गेले.

हे सगळं पुस्तकांत आहे. पण मला ते आधी आजीनं सांगितलं. आजीनं आपल्या आजेसासूकडून ऐकलेलं, आणि त्या आजेसासूच्या बापानं पेंढारी डोळ्यांनी पाहिलेले. उमरेडकडच्या आमच्या गावात एक पडकी गढी होती. नागपूरच्या आसपास अशा गढ्या गावोगाव दिसतात. माणूस-माणूस जाडीच्या मातीच्या भिंती, कोपऱ्यात ढासळलेला बुरूज. पेंढाऱ्यांच्या भीतीनं लोकांनी गुरंढोरं आणि लेकरं आत घ्यायला त्या बांधल्या. आमच्या गढीच्या बुरजावर दसऱ्यापासून होळीपर्यंत एक पोरगा बसवत. त्याचं काम एकच, वायव्येकडं धूळ दिसते का ते बघायचं.

आजी सांगायची की त्या दिवसांत बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवत. धान्य पेवात घालून वर माती सारवायची आणि त्यावर शेण्यांचा ढीग रचायचा. पण पेंढाऱ्यांना ही युक्ती ठाऊक होती. ते जमिनीवर पाणी ओतून बघत. जिथं पाणी लवकर जिरलं तिथं उकरत. आणि पेव सापडलं नाही तर घरधन्याला धरत. घोड्याच्या तोंडाला चंदी खायला बांधतात तो तोबरा घ्यायचा, त्यात चुलीतली गरम राख भरायची, तो माणसाच्या तोंडाला करकचून बांधायचा आणि पाठीत बुक्की मारायची. बुक्की बसली की माणूस दचकून श्वास आत ओढतो. आजी एवढं सांगून थांबायची. पुढं काय होतं ते आम्हा पोरांना कळायचं.

तोबऱ्याची ही गोष्ट मला पुढं इंग्रजांच्या कागदपत्रांतही सापडली, जशीच्या तशी. १८१६ साली पेंढाऱ्यांची एक धाड पार गुंटूरपर्यंत गेली. अकरा-बारा दिवसांत त्यांनी ३३९ गावं लुटली. १८२ माणसं मेली, ५०५ जखमी झाली आणि ३,६०३ माणसांचा छळ झाला, अशी मोजदाद कंपनी सरकारनं करवली. छळाचा आकडा मेलेल्यांच्या वीसपट आहे. धाडीचा सगळा धंदा त्या आकड्यात दिसतो. दहा गावांत राख भरली की अकरावं गाव आपणहून पेव दाखवतं. निःशस्त्र माणसाच्या मनात भय घालायचं आणि त्या भयावर जगायचं. आज ज्याला आपण दहशतवाद म्हणतो त्याची वेगळी व्याख्या मला करता येत नाही.

पेंढारी आले कुठून, हे आजीला विचारलं तर ती म्हणायची, "कुठून येनार बाप्पा, राजायनंच पाळले होते." आजीचं हे म्हणणं खरं होतं. पेंढारी मराठी फौजांच्या मागं चालणारे बिनपगारी स्वार. सरदाराला पालपट्टी भरायची आणि शत्रूचा मुलूख लुटायची परवानगी घ्यायची, असा तो व्यवहार. शत्रूचा मुलूख आणि आपला मुलूख यांतला भेद टिकला तोवर दरबारांना त्यांची सोय वाटली. मग १८०३ ची इंग्रजांशी लढाई झाली. देवगावच्या तहात नागपूरच्या रघूजी भोसल्यांचं कटक गेलं, वऱ्हाड गेला. एक एक दरबार कंपनीच्या तैनाती फौजेखाली गेला आणि आपली फौज मोडू लागला. हजारो स्वारांना घोडा होता, भाला होता, काम नव्हतं आणि जमीन नव्हती. ते पेंढाऱ्यांत मिसळले. इकडं गेलेल्या मुलखाची भरपाई रघूजींनी उरलेल्या रयतेकडून वसूल केली. पट्ट्या इतक्या वाढल्या की लोक आपल्या राजाला मोठा बनिया म्हणू लागले. नाडलेल्या गावांतूनही पोरं घोड्यावर बसली असणार. आजीच्या गोष्टीत तर ती बसलीच होती. तिच्या आजेसासूच्या चुलत घराण्यातला एक मुलगा पट्टी भरता न आल्यानं घर सोडून गेला आणि चार वर्षांनी पेंढाऱ्यांबरोबर शेजारचं गाव लुटायला आला.

लॉर्ड हेस्टिंग्जनं १८१७ मध्ये लाखाच्या वर फौज उभी केली आणि उत्तरेकडून, दक्षिणेकडून पेंढाऱ्यांना कोंडीत धरलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथं संपायची. फौज आली, पेंढारी संपले. मला मात्र पुढचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. म्होरक्यांपैकी अमीरखानाला टोंकची गादी मिळाली आणि त्याची टोळी फुटली. करीमखान १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनानी माल्कमकडं शरण आला. त्याला गोरखपुराकडं जमीन देऊन बसवला. नामदारखानाला भोपाळात राहू दिलं. चितू मात्र शरण येईना. तो सातपुड्याच्या रानात एकटा भटकत राहिला आणि १८१९ मध्ये असीरगडाजवळ वाघानं त्याला खाल्लं. पेंढाऱ्यांत हजारो साधे स्वार होते. त्यांतल्या बहुतेकांना कुणी फाशी दिलं नाही. ते गावोगाव पांगले, शेतकरी झाले आणि दोन पिढ्यांत कुणाला ओळखू येईनासे झाले.

आमच्या गावात असा एक होता म्हणतात. गावाच्या उत्तर शिवेला एक वावर आहे, त्याला माझ्या लहानपणीसुद्धा पेंढाऱ्याचं वावर म्हणत. एक म्हातारा होत चाललेला स्वार बायको आणि दोन पोरं घेऊन आला, आणि पाटलानं त्याला ती पडीक जमीन कसायला दिली. गावातल्या बायकांनी पाटलाला शिव्या घातल्या. ज्यांच्या घरात राख भरली होती, त्यांनी त्या घराचं पाणी घेतलं नाही. पाटील म्हणाला, याला जमीन नाही दिली तर पुढच्या दसऱ्याला हा कुठं जाईल ते मला माहीत आहे. आजीचं या गोष्टीवरचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. "पेंढारी काय एकट्या तलवारीनं सरले का? थ्यायले वावर भेटलं, तवा थे घोड्याहून खाली उतरले." मग थोडं थांबून म्हणायची, "पन ज्याच्या बापाच्या तोंडाले तोबरा बांधला त्याले कोनी काहीच नाही देलं."

हे दुसरं वाक्य मी आयुष्यभर बरोबर बाळगलं आहे.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे आणि ती नागपूरच्या माणसाला विसरता येत नाही. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी उभी केलेली तीच फौज, तोच मोसम, आणि १८१७ च्या नोव्हेंबरात २६ आणि २७ तारखेला सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव. दहशतीच्या निमित्तानं उभारलेली सत्ता दहशत संपल्यावर घरी जात नाही. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पाठोपाठ नागपूरचं राज्यच खालसा झालं.

आमचं नागपूरचं घर महाल भागात. भोसल्यांचा वाडा तिथलाच आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालयही. १ जून २००६ च्या पहाटे पोलिसांच्या वेशात, पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधून तिघं जण स्फोटकं आणि बंदुका घेऊन त्या मुख्यालयाकडं आले. पोलिसांना संशय आला, गोळीबार झाला, तिघंही मारले गेले. ते लष्कर-ए-तोयबाचे असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्या पहाटे त्या शिपायांनी बंदूक चालवली म्हणून वस्तीतली माणसं वाचली, याबद्दल मला तीळभर शंका नाही. दारात आलेल्या माणसाशी चर्चा होत नसते. पुढं ३० जुलै २०१५ ला याच शहरातल्या मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनला फाशी झाली. १२ मार्च १९९३ च्या मुंबईच्या स्फोटांत २५७ माणसं गेली होती. त्या खटल्यात २२ वर्षांनी एक फाशी झाली. त्यातले मुख्य आरोपी टायगर मेमन आणि दाऊद इब्राहीम आजही भारताच्या हाती नाहीत. पालपट्टी घेऊन आसरा देणारा दरबार शेजारी जिवंत असला की टोळी कितीदाही मारली तरी पुन्हा उभी राहते. तिथं उपाय त्या दरबारावर करावा लागतो आणि तो दिल्लीनंच करायचा आहे.

पण एक दहशत अशी आहे, जिच्या उपायात नागपूरचा वाटा आहे. ती गडचिरोलीची.

माझे मोठे मामा १९७८ साली एटापल्ली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर म्हणून गेले. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघाला. मामा सांगत, त्या काळी माडिया गोंडांच्या गावाला सरकार म्हणजे जंगलखात्याचा नाकेदार. जंगलातून लाकूड आणलं की कोंबडी, मोह वेचला की कोंबडी, काहीच केलं नाही तरी वर्षाला एक कोंबडी. तेंडूपत्त्याच्या हंगामात बाई पहाटे अंधारात निघायची, दिवसभर पानं तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायची आणि फळीवर ठेकेदाराचा माणूस त्यातले मनाला येतील तेवढे पुडे बाजूला फेकायचा. त्यांचे पैसे नाहीत आणि पुडे परतही नाहीत. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला कवडीमोल भावानं जायचा आणि ज्याच्या गावाशेजारी तो वाढला त्यानं घराच्या कुडाला चार काठ्या आणल्या तर गुन्हा.

१९८० मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पलीकडून पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची पहिली दलं, म्हणजे दलम, आली. त्यातला पेद्दी शंकर हा तरुण त्याच वर्षी सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीनं मेला. मामांचं एक वाक्य होतं: "दादालोक पहिल्यांदा आले तेव्हा गावात कोणी भ्यालं नाही. नाकेदार भ्याला." पुड्याचा भाव वाढला. बांबू तोडीची मजुरी वाढली. कोंबडी मागायला कुणी येईना. सरकारला पंचवीस-तीस वर्षांत जे जमलं नाही ते बंदुकीनं दोन हंगामांत केलं, आणि मामा म्हणत, तिथंच घात झाला. कारण मग ती बंदूक गावातून गेलीच नाही. ठेकेदाराकडून तिनं स्वतःचा वाटा ठरवून घेतला. पुढं प्रत्येक घरामागं एक पोर मागू लागली.

मामांच्या शाळेतला एक मुलगा चौथीत पहिला आला होता. त्याच्या बापाला एका रात्री उठवून नेलं. तो पोलिसांचा खबऱ्या आहे असं लोकांना जमवून सांगितलं आणि सगळ्यांसमोर मारलं. बाप बाजाराला गेला होता आणि ठाण्यासमोरच्या टपरीवर त्यानं चहा प्याला होता, एवढीच गोष्ट. मामांनी दुसऱ्या दिवशी शाळा उघडली, पण एकही मूल आलं नाही. आठवड्यानं पोलीस आले. त्यांनी मामांना विचारलं, दलम तुमच्या खोलीत जेवलं का? महिन्यानं दलम आलं. त्यांनी विचारलं, पोलिसांना काय सांगितलं? "रात्री त्यांना भात, सकाळी ह्यांना जबाब," मामा म्हणत. टाडाचा कायदा होता तेव्हा भाकरी वाढणारी माणसंसुद्धा तुरुंगात गेली. मामा निवृत्तीनंतर नागपुरात राहायला आले, पण रात्री दारावर थाप पडली तर पटकन दिवा मालवायची त्यांची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

पुढचा हिशेब वर्तमानपत्रांनी लिहिला आहे. २००९ या एकाच वर्षात मरकेगावला १५ पोलीस, हत्तीगोट्याला १६, लाहेरीला १७. २०१८ च्या एप्रिलमध्ये कसनासूर-बोरियाच्या चकमकींत ४० नक्षलवादी. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक. २०२१ च्या नोव्हेंबरात मर्दिनटोल्याला २६ नक्षलवादी. १९९० मध्ये स्थापन झालेल्या पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकातले जवान बहुतेक याच जिल्ह्यातले आहेत. दलमातली कितीतरी पोरंही याच जिल्ह्यातली. दोन्ही बाजूंच्या आया बाजारात एकमेकींशी गोंडीत बोलू शकतात. हे आकडे वाचताना नागपूरकरानं एवढं तरी ध्यानात ठेवावं.

पण याच जिल्ह्यात दुसरी वाटही आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा हे गोंडांचं लहानसं गाव मी मुद्दाम पाहायला गेले. रस्त्यावर पाटी आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. गोंडीत, मावा नाटे मावा राज. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनमच्या धरणांविरुद्ध आंदोलन झालं, बाबा आमटे त्यात होते, आणि त्या आंदोलनातून देवाजी तोफांसारखी गावातली माणसं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते एकत्र आले. मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या संमतीनं होतो. एका माणसाचाही नकार असला तर बैठक पुन्हा बसते. मी गेले त्या दिवशी ग्रामसभेच्या खोलीत एक बाई वही उघडून बांबूच्या बंडलांची नोंद करत होती. कुणी तोडले, किती, कुणाला द्यायचे किती. अक्षर चौथी शिकलेल्याचं असतं तसं मोठं, टपोरं. प्रत्येक ओळ लिहून झाली की ती ओळ मोठ्यानं वाचायची आणि समोर बसलेला माणूस मान हलवायचा, मग पुढची ओळ.

त्या वहीमागं मोठा झगडा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते एक. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा आणि वनखातं तो देईना. बांबू हे झाड आहे, गौण वनोपज नाही, असं खात्याचं म्हणणं. गाव दोन वर्षं हटलं नाही, कुणी काठी उगारली नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. जे मामांच्या गावात बंदुकीनं मिळवलं आणि बंदुकीनंच खाल्लं, ते इथं कायद्यानं मिळालं आणि गावात राहिलं. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. त्यांच्या कामाची जेवढी कदर नागपूरच्या वर्तमानपत्रांत व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असं मला वाटतं.

त्याच वर्षी १ जानेवारीला माओवादी पुढारी ताराक्का मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शरण आली. १५ ऑक्टोबरला तिचा नवरा मल्लोजुला वेणुगोपाल राव, म्हणजे भूपती, माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य, ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवून आला. महाराष्ट्रात शरणागतांसाठी २००५ पासून योजना आहे, आजवर शेकडो जण तिच्यातून परतले आहेत. पैसे, घर, काम मिळतं. ही योजना बरोबर आहे आणि ती सोडू नये, असं मी ठामपणे म्हणते. आमच्या गावच्या पाटलानं केलं तेच हे.

पण आजीचं दुसरं वाक्य इथंही लागू आहे. खबऱ्या म्हणून ज्याला मारलं त्याच्या घराला मदत मिळते, पण कागदोपत्री सिद्ध झालं तर, आणि खेटे घालून. चौथीत पहिला आलेला तो मुलगा पुढं काय झाला हे मामांना शेवटपर्यंत विचारावंसं वाटलं नाही. शरण आलेला माणूस आणि त्यानं ज्याचा बाप नेला तो मुलगा उद्या एकाच बाजारात भाजी घेणार आहेत. दोघांनाही उभं राहायला जमीन दिली नाही तर एकाचा बंदोबस्त दुसऱ्याची चीड वाढवतो. आणि सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाची खाण जोरात चालू आहे. ठाकूरदेवाची जत्रा जिथं भरते तो हा डोंगर. खाणीनं रोजगार दिला आहे, शरण आलेल्यांनाही दिला आहे. मात्र भोवतालच्या कितीतरी ग्रामसभांचा तिला विरोध आहे. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे. बंदूक गेली म्हणून ग्रामसभेला विचारायची गरज संपली, असं जर मुंबई-नागपूरला वाटू लागलं, तर नाकेदाराची कोंबडी दुसऱ्या नावानं परत आलीच म्हणून समजा.

दर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. गडचिरोलीचा विषय निघाला की किती मारले, किती शरण आले, एवढं विचारलं जातं. या खेपेला तुमच्या आमदाराला पत्र लिहून आणखी तीन गोष्टी विचारायला सांगा. नक्षलवाद्यांनी मारलेल्या गावकऱ्यांच्या किती घरांना अजून मदत मिळायची आहे, किती गावांचे वनहक्काचे दावे पडून आहेत, आणि सुरजागडच्या भोवतालच्या ग्रामसभांनी काय ठराव केले ते सभागृहापुढं कधी ठेवणार. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या डिसेंबरात पुन्हा लिहा.